कोविडची लस आणि दिवस राहणं: खुलासा

‘चान्स घेताय? मग कोविडची लस नको, वार धरत नाही,’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. मूळ डिसेंबर २०२० मधलं, युरोपातल्या औषध नियामकाकडे केलेल्या एका अर्जातलं. म्हणे, लसीने तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) वारेतल्या सिन्सिटिन प्रथिनावरही उलटतात. पण ही प्रतिपिंडं ज्याच्याविरुद्ध बनतात, त्या विषाणूवरच्या स्पाइक प्रथिनाशी सिन्सिटिनचं साम्य अगदीच नगण्य. शिवाय तसं असतं तर कोविड होऊन गेलेल्या बायकांनाही दिवस राहिले नसते; त्यांच्यातही अशीच प्रतिपिंडं बनतात!

बोस्टन विद्यापीठाने अमेरिका-कॅनडातल्या, मूल हवं असलेल्या दोन हजारांवर बायकांचा पाठपुरावा केला. २०२२ मधला निष्कर्ष: लस बायकोने घेतलेली असो वा नवऱ्याने, दिवस राहण्याच्या शक्यतेत फरक नाही. उलट नवऱ्याला नुकताच कोविड झाला असेल, तर शक्यता काही काळ घटलेली दिसली.

कोविडच्या लसीनंतर पाळी एखादा दिवस पुढे जाऊ शकते, एवढंच. चान्स घ्यायला महिनाभर थांबायचं ते रुबेलाच्या लसीनंतर. तिच्यात कमकुवत केलेला, पण जिवंत विषाणू असतो.