पहिल्या भेटीसाठी साधा दिवस निवडा

"भंडाऱ्याला आपलं कोण आहे?" जूनमध्ये मी तिकीट काढलं तेव्हा घरातल्यांनी, शेजारच्यांनी, सगळ्यांनी हेच विचारलं. मैत्रीण आहे म्हटलं तर पुढचा प्रश्न, शाळेतली की नोकरीतली? दोन्ही नाही, फोनवर ओळख झाली, असं सांगितलं की लोकांचे चेहरे बदलतात. याचा मला मनापासून राग येतो. ह्यांच्या आजारपणात जी रोज रात्री न चुकता फोन करायची ती परकी, आणि लग्नात अक्षता टाकण्यापुरते भेटणारे तेवढे आपले?

आमची ओळख २०२० च्या लॉकडाउनमधली, रानभाज्यांच्या एका ग्रुपवर झालेली. तिने तरोट्याचा फोटो टाकला होता, मी लिहिलं, अगं हा तर आमचा टाकळा. मग तिचं काटवल म्हणजे माझी करटोली निघाली. मी पेणची, ती लाखनी तालुक्यातली. राज्याच्या दोन टोकांना दोघींच्या दारात भातशेती. माझ्याकडे लावणी, तिच्याकडे रोवणी. माझ्याकडे खाचर, तिच्याकडे बांधी. वयाने ती माझ्या मुलीएवढी, मला काकू म्हणते. पण आमच्यात सासर, पैसा, आजार, देव, सगळं बोलून झालेलं.

आणि नेमकी तीच अडचण झाली. विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मी भंडारा रोडला उतरले. हे स्टेशन वरठी गावात आहे, भंडारा शहर तिथून बरंच पुढे. ती आणि तिचे यजमान घ्यायला आले होते. मिठी झाली, डोळे भरून आले, आणि मग गाडीत दोघी गप्प! फोनवर तास तास बोलणाऱ्या आम्ही "प्रवास कसा झाला" आणि "उकडतंय फार" यापुढे जाईना. सांगण्यासारखं सगळं आधीच सांगून झालं होतं. माणूस ओळखीचं, पण त्याच्या शेजारी बसायची सवय नाही. असं झालं की पुष्कळजण घाबरतात, फोनवरचं सगळं खोटंच होतं की काय असं त्यांना वाटतं. तसं मुळीच नसतं.

तिने नागझिऱ्याचा बेत आखून ठेवला होता. मी म्हटलं, जंगल राहू दे, आधी शेवळं साफ करू. पहिल्या पावसाची शेवळं, ही आमच्याकडची रानभाजी, मी ओल्या फडक्यात गुंडाळून नेली होती, सोबत काकडंही. काकडाच्या फळांशिवाय शेवळाची खाज मरत नाही, हे तिला फोनवर कितीदा सांगितलं असेल. आता दोघी हाताला तेल लावून ओट्यावर बसलो. वरचं पान सोलायचं, आतला खाजरा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं, काकडं ठेचून त्यांचा रस काढायचा. अर्ध्या तासात आमचं बोलणं जे सुरू झालं ते मी निघेपर्यंत थांबलं नाही. तिच्या सासूबाई येऊन बसल्या तशी तिची झाडीबोली, म्हणजे त्यांच्या भागातली बोली, सुरू झाली, 'ळ'चा 'र' झाला, बोलायचा वेग दुप्पट झाला. माझ्याशी इतकी वर्षं ती पुस्तकी मराठीत बोलत आली होती. ही खरी तिची भाषा, ही खरी ती, असं वाटून मला फार आनंद झाला. संध्याकाळी चिन्नोर तांदळाच्या भाताबरोबर सोडे (सुकवलेली कोळंबी) घातलेली शेवळाची भाजी झाली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, वाफ्यावर गेले. वाटेत मामा तलाव लागला. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या काळातला. कोहळी समाजाच्या लोकांनी पूर्वी बांधलेले असे तलाव भंडारा-गोंदियात ठिकठिकाणी आहेत, आणि तिच्या बांध्या आजही त्याच पाण्यावर पिकतात. या तलावाचे फोटो मी ढीगभर पाहिले होते. पण पाळीवरून चालताना तिने कुठल्या बांधीला पाणी आधी जातं, कुठल्या बांधीवरून भावकीत भांडण आहे ते दाखवलं, तेव्हा तिच्या निम्म्या काळज्या मला पहिल्यांदा कळल्या.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. लांबच्या मैत्रिणीला पहिल्यांदा भेटायला जाल तर लग्नात, सणात, सहलीला जाऊ नका. तिचा कामाचा दिवस निवडा आणि त्या कामात हात घाला. हॉटेलात समोरासमोर बसून दोन तासांत मैत्री तपासायची हे मला पटत नाही. कोवळ्या वयाच्या मुलींना मात्र मी निराळं सांगेन: पहिली भेट चारचौघांत, दिवसाउजेडी, घरच्यांना पत्ता देऊनच. मीही मुलाला पत्ता आणि दोन नंबर देऊन निघाले होते, आणि तिच्या घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर आधीच अनेकदा बोलले होते. काळजी घेणं म्हणजे संशय घेणं नव्हे. आणि घरातल्या पुरुषांनो, पन्नाशी ओलांडलेली तुमची बायको किंवा आई अशा भेटीला निघाली, तर प्रश्न विचारण्याआधी तिला स्टेशनवर सोडायला जा.

आता ती पेणला येणार आहे. गणपतीत येते म्हणत होती, मी नको म्हटलं. तेव्हा गावभर मूर्तींची धांदल, माझ्या घरी पाहुण्यांची. जानेवारीत ये म्हटलंय, वालाच्या शेंगा भरल्या की. पोपटी लावायची, म्हणजे शेंगा पाल्यासकट मडक्यात भरून जाळावर भाजायच्या. मडकं मी आणून ठेवते, भांबुर्डीचा पाला तिने माझ्यासोबत बांधावरून तोडायचा, आणि मडकं उलटं ठेवून जाळ करायचं काम तिच्या यजमानांचं.