ओपन सोर्सवाल्याला काँट्रॅक्ट मिळत नाही? मिळतं!

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ओपन सोर्स (ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर) म्हणजे फुकट राबणं, त्यात पैसे मागता येत नाहीत, काँट्रॅक्ट हवं तर फ्रीलान्सिंग साइटवर सगळ्यात कमी रेट लावा नाहीतर पुणं-बंगलोर गाठा, असं त्यात लिहिलंय. रामबागेतल्या भाच्याने तो मला पाठवला आणि विचारलं, मामा, मग हे सोडून देऊ का? म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा, पैसे मागता येत नाहीत. साफ चूक. जीपीएल या ओपन सोर्सच्या नावाजलेल्या लायसन्समधेच लिहिलंय की प्रत देण्याचे आणि सपोर्टचे पैसे घेता येतात. रेड हॅट ही लिनक्सवाली कंपनी याच धंद्यावर मोठी झाली आणि २०१९ मधे आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली.

आता कमी रेटचं. मला याचाच जास्त राग येतो, कारण पोरं खरंच असं करतात आणि महिनाभर राबून हातात काही येत नाही. अरे, तिथे तुम्ही शेकडोंतले एक असता, पण एखाद्या प्रोजेक्टच्या इश्यू ट्रॅकरवर (जिथे लोक अडचणी, म्हणजे इश्यू, नोंदवतात) जो माणूस तीन दिवस अडकलाय त्याच्यासाठी तुम्ही एकटेच असता. एकच प्रोजेक्ट धरा, रोज इश्यू वाचा, कंपनीत काम करणारा कोण विचारतोय ते बघा, त्याचा बग स्वतःच्या मशीनवर पुन्हा घडवून दाखवा, जमलं तर छोटा पॅच (दुरुस्तीचा कोड) द्या, आणि शेवटी एक ओळ, की हे तुमच्या सिस्टिमवर बसवून हवं असेल तर मी पैसे घेऊन करतो. माझं पहिलं काम असंच आलं, एका जुन्या साइटच्या अपग्रेडचं. तारखांवरही लक्ष ठेवा. वेबसाइट बनवायच्या ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, पोस्टग्रेस या डेटाबेसची प्रत्येक मोठी आवृत्ती ५ वर्षंच सांभाळली जाते, म्हणजे कोणाला ना कोणाला अपग्रेड करावंच लागणार. डेबियन या लिनक्सच्या साइटवर कन्सल्टंट लोकांची देशवार यादी आहे, तीही बघून घ्या.

गाव सोडायचं म्हणाल तर ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब-स्टॉक सांभाळायचं सॉफ्टवेअर मुंबईत बनलेलं, जीपीएलवालं. इथल्या सांवेर रोडच्या कारखानदाराला किंवा सियागंजच्या व्यापाऱ्याला त्यात जीएसटीचं बिल आपल्या फॉरमॅटमधे हवं असतं, टॅलीतला जुना डेटा आत घ्यायचा असतो, आणि त्याला समोर बसून बोलणारा माणूस लागतो. तो माणूस बंगलोरहून येणार आहे का?

पण एक गोष्ट नक्की करा. एका क्लायंटने माझ्याकडून दोन महिने काम करून घेतलं आणि पैसे बुडवले, कारण लेखी काहीच नव्हतं. तेव्हापासून ॲडव्हान्स आल्याशिवाय मी हात लावत नाही. आणि जी दुरुस्ती सगळ्यांच्या कामाची असेल ती मूळ प्रोजेक्टमधे परत जाईल हेही आधीच लिहून घेतो, नाहीतर पुढच्या आवृत्तीत तेच परत मोडतं आणि क्लायंट भांडायला येतो.

अगदी नवीन असाल तर गूगल समर ऑफ कोड बघा, त्यात नवख्यांना ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करायला मिळतं, २०२२ पासून त्याला विद्यार्थी असणं गरजेचं नाही. मानधन मिळतं, आणि प्रोजेक्टमधल्या लोकांशी ओळख होते ती पुढेही कामी येते.

भाच्याला सांगितलंय, शनिवारी लॅपटॉप घेऊन ये, ईआरपीनेक्स्टचे दहा इश्यू सोबत बसून वाचू.