पश्चिमेच्या भिंतीचं काय?
'घराभोवती झाडं लावा, घर थंड राहील' हा लेखाचा मुद्दा पटला, पण झाड नेमकं कुठे लावायचं यावर एक ओळही नाही. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं. खिडकीवरचा आडवा छज्जा तिथे फारसा उपयोगी पडत नाही. त्या बाजूला उभे पडदे, जाळी किंवा पानांनी भरलेलं झाडच हवं. नाहीतर भिंत दिवसभर तापते आणि साठलेली उष्णता रात्री, नेमकी झोपेच्या वेळी, आत सोडते.

दुसरं म्हणजे, लेखात सगळा भर हवेच्या तापमानावर आहे. शरीराला जाणवणारा उकाडा आजूबाजूच्या पृष्ठभागांच्या तापमानावर, आर्द्रतेवर आणि वाऱ्याच्या वेगावरही ठरतो. सावलीत हवा जेमतेम एक-दोन अंशांनी थंड असते, तरी बरं वाटतं ते अंगावर थेट ऊन आणि तापलेल्या फरशीची झळ येत नाही म्हणून. पानांतून एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 0.68 युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, हा फायदा वेगळाच. मात्र मुळांना पाणी मिळालं पाहिजे!

आणि कुंपणाला दाट झुडपं लावून वारा अडवू नका. दमट हवेत तर मुळीच नाही. उंच खोडाची झाडं वर सावली धरतात, खालून वारा जाऊ देतात. अंगणभर पेव्हर ब्लॉक घालून कोपऱ्यात चार कुंड्या ठेवायच्या, याला मी तरी 'हिरवं घर' म्हणणार नाही.