सिगार चिरडायची नसते

काल रात्रीपासून डोकं भणभणतंय. लिहून टाकल्याशिवाय शांत व्हायचं नाही.

एका परिचितांकडे पार्टी होती. माणूस सज्जन, हौशी. पाहुण्यांसाठी कोहिबा रोबुस्तो या क्यूबन सिगारींचा अख्खा डबा उघडून ठेवलेला. एका पाहुण्याने त्यातली एक उचलली, पेट्रोलच्या लायटरने पेटवली, सिगारेटसारखे भराभर झुरके मारले, खोकला, फोटो काढून घेतला आणि निम्मीसुद्धा न झालेली सिगार ॲशट्रेत दाबून चिरडली. हातातल्या ग्लासात अठरा वर्षं मुरलेली सिंगल मॉल्ट व्हिस्की, काठोकाठ बर्फ आणि वरून कोला. मी उठून गॅलरीत गेलो. तिथेच बसलो असतो तर तोंडातून भलतंच काही निघालं असतं.

मी निपाणीचा. आमच्याकडे तंबाखू हे आधी पीक, व्यसन नंतर. आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, जन्म वखारीत गेला. पान बोटांत धरलं की ते कुठल्या रानातलं, किती वाळलं, सगळं सांगायचे.

२०१८ च्या जानेवारीत क्यूबाला गेलो होतो. पिनार देल रिओ या तिथल्या तंबाखूच्या मुलखात लाल माती, आणि काढणी ऐन भरात, जशी आमच्याकडे त्याच दिवसांत असते. पण तिथे झाड एकदम कापत नाहीत. खालून वर, दोन-तीन पानं करत, आठवड्यांमागून आठवडे हाताने खुडतात. मग झावळ्यांनी शाकारलेल्या कोठारात पन्नासेक दिवस टांगतात, मग आंबवतात, मुरवतात. शेंड्याकडच्या पानांना ऊन जास्त, म्हणून ती जाड आणि कडक. ती सिगारच्या पोटात भरतात, सोबत खालची सौम्य पानं, आणि सगळ्यांवर एक अखंड, तलम पान. वळणाऱ्याकडे हत्यार काय, तर एक अर्धगोल पातं आणि स्वतःचे तळवे. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून या कारागिरांना काम करताना पेपर आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत आहे. त्या हातांनी वळलेली वस्तू तुम्ही झुरळासारखी चिरडता?

येताना आप्पांसाठी मॉन्टेक्रिस्टो नंबर चार सिगारी घेतल्या. दोनच. आणि विमानतळावरून शेरी वाइनच्या पिपात मुरलेली, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली व्हिस्कीची एक बाटली.

आप्पा तेव्हा शहात्तर वर्षांचे. बाप-लेक एकमेकांसमोर कधी प्यायलो नव्हतो. त्या रात्री गच्चीवर सतरंजी टाकली, दोन पेले, तांब्याभर पाणी. आप्पांनी सिगार लगेच तोंडात घातली नाही. आधी हुंगली. मग कानाजवळ नेऊन दोन बोटांनी हलकेच दाबली. म्हणाले, "ओल बरोबर हाय बघ हिची."

मी काडीची ज्योत लांब धरून आधी बूड शेकलं. पहिला झुरका आप्पांनी तोंडात घोळवून सोडला. म्हणाले, "हे छातीत घ्यायचं न्हवं." पन्नास वर्षं विडी ओढलेल्या माणसाला हे कुणी शिकवलं नव्हतं. धूर सुटला की मग व्हिस्कीचा बारीकसा घोट. त्यात पाण्याचे चार थेंब, बर्फ नाही. थंडीने वास आखडतो आणि जीभही बधिर होते. त्या व्हिस्कीतला मनुक्यांसारखा गोडवा पानाच्या कडवटपणाला सावरून घेतो. आयला या स्कॉटिश बेटावरची धुरकट व्हिस्की मी सिगारबरोबर घेत नाही, धुरावर धूर चढला की दोन्ही हरवतात. क्यूबात लोक सोबत रमच घेतात हे खरं, आणि रमही चालते.

मिनिटाला एक झुरका, फार तर. इंचभर राख तशीच टिकून. पाऊण तास आम्ही दोघं जे बोललो, ते आधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो. तंबाखूच्या भावासाठी झालेलं निपाणीचं १९८१ चं शेतकरी आंदोलन आप्पांच्या तोंडून मी त्या गच्चीवर पहिल्यांदा ऐकलं.

हो, तंबाखूने कॅन्सर होतो. माहीत आहे, वखारीतल्या बायकांचे खोकले ऐकतच मोठा झालोय. आणि ज्याचा पैसा त्याची मर्जी, हेही कुणीतरी सुनावणारच. सुनावा. परवडतं म्हणून कुणी ताटातलं अन्न पायाने लोटत नाही, एवढं तर आपल्या सगळ्यांच्या घरात शिकवलंय.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्या पोरावरही नाही आता फारसा. त्याच्याजवळ बसून कुणी पेटवून दाखवलीच नसेल. पुढच्या वेळी मीच बसेन.

त्या रात्री उरलेली थोटकं आम्ही विझवली नाहीत. बशीच्या कडेला ठेवली, आपली आपण शांत झाली. सकाळी चहा घेऊन गेलो तर आप्पा पेपर पसरून बसलेले. आपल्या थोटकाचं एकेक पान सोडवून ओळीने मांडलेलं. सगळ्यात वरचं पान, दोन बोटं रुंद तेवढंच उरलेलं, खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "हे उघड्या उन्हातलं न्हवं. सावली केली असणार."

क्यूबात सान हुआन इ मार्तिनेस गावाच्या वाटेवर शेतांवर पांढरं कापड ताणलेलं मी पाहिलं होतं, याच पानांसाठी. आप्पांना त्यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.