आधी डिलीट, मग नाव? काहून?

नागपुरात महालात माझ्या मावसभावाचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या उबंटू (लिनक्स) कॉम्प्युटरवर लग्नांचे फोटो आणि अल्बमच्या सॉफ्टवेअरने सांडलेल्या टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या, फायली एकत्रच पडलेल्या असतात. शनिवारी त्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज पाठवला: 'हजारो फायली एका कमांडमध्ये साफ करा'. खाली लिहिलं होतं, "दादा, उद्या हेच करून राहिलो." म्हणून हा खटाटोप.

मेसेज म्हणतो, फायली शोधणाऱ्या फाइंड कमांडमध्ये '-डिलीट' सगळ्यात आधी लिहा, काम लवकर होतं. होतं ना, लवकरच होतं! फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. 'फाइंड . -डिलीट -नेम "*.टीएमपी"' असं लिहिलं की प्रत्येक फाइल आधी डिलीटच्या तावडीत, तिचं नाव टीएमपीवर संपतं का, हा प्रश्न ती गेल्यावर. आधी फाशी, मग चौकशी. फोल्डर रिकामं होतं आणि कचरापेटीतही काही सापडत नाही. हे माझ्या पदरचं नाही, उबंटूतल्या जीएनयू फाइंडच्या मॅन्युअलमध्ये -डिलीटखालीच हा इशारा आहे. 'मॅन फाइंड' टाइप करायला किती वेळ लागतो बाप्पा?

दुसरा सल्ला: फाइंडची यादी एक्सआर्ग्जला (आलेली नावं दुसऱ्या कमांडला देणारी कमांड) जोडून 'आरएम -आरएफ' (न विचारता, फोल्डरसकट पुसणारी कमांड) चालवा. एक्सआर्ग्ज मोकळी जागा दिसली की नाव तोडतं. 'लग्न जुने.टीएमपी' या एका फाइलची आरएमपुढे 'लग्न' आणि 'जुने.टीएमपी' अशी दोन नावं होतात. शेजारी 'लग्न' नावाचं फोल्डर असलं तर ते आतल्या फोटोंसकट गेलं. 'जुने.टीएमपी' तर नाहीच, पण -एफ असल्याने आरएम कुरकुरतही नाही. जोडायचंच असेल तर फाइंडला '-प्रिंट0' आणि एक्सआर्ग्जला '-0' द्या.

मेसेजमधलं 'एक्झेक फार स्लो' हे अर्धं खरं, मान्य. एक्झेक म्हणजे सापडलेल्या फायलींवर दुसरी कमांड चालवायचा फाइंडचाच पर्याय. शेवटी अर्धविराम दिला तर दर फाइलीमागे कमांड नव्याने सुरू होते. त्याजागी अधिकचं चिन्ह द्या, तेच एक्झेक नावांचे गठ्ठे करून चालवतं. आणि 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' हा एरर आला म्हणजे डिस्क भरली, हे तर काहीच्या काही. एका कमांडला किती मोठी यादी देता येते, ती मर्यादा कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची. डिस्कचा संबंधच नाही.

मावसभावाला म्हटलं, नेमची अट आधी, शेवटी डिलीटऐवजी नुसतं '-प्रिंट' लिही आणि यादी वाच. रविवारी दुपारी त्याचा फोन आला. "दादा, यातली एक राहू दे. ती उघडीच आहे, तिच्यातच अल्बम करून राहिलो."