मॅच बघणं, हिफ्जची मुलं आणि तो फॉरवर्ड

माझा भाचा बारा वर्षांचा आहे, मदरशात हिफ्ज करतो, म्हणजे पूर्ण कुरआन तोंडपाठ करतो; तीसपैकी अठरा पारे (भाग) झालेत. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी तो आमच्याकडे येतो आणि मॅच असली की माझ्या शेजारी चादर अंथरून बसतो. गेल्या गुरुवारी आला आणि टीव्हीकडे पाठ करून बसला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "मामू, अम्मी बोली मॅच देखना नक्को. हिफ्ज निकल जाता."

आपाला (माझ्या बहिणीला, त्याच्या अम्मीला) फोन लावला. तिनं मला एक मेसेज पाठवला, 'हाफिज मुलांच्या पालकांनी जरूर वाचावे' अशा मथळ्याचा (हाफिज म्हणजे ज्याला कुरआन पाठ आहे तो). आमच्या मोहल्ल्यातल्या तीन ग्रुपांवर तो आधीच येऊन पडला होता. त्यात पाच मुद्दे आहेत. खेळ बघणं म्हणजे रिकामटेकडेपणा, खेळणारा कमावतो आणि बघणारा गमावतो. इस्लाममध्ये खेळ बघायला सरसकट मनाई आहे. कुरआन पाठ करणाऱ्या मुलाला ताण, उदासी येतच नाही. आली तर त्याचं ईमान कच्चं, आणि त्यावर इलाज अजून पाठांतर. मॅच बघितली की पाठ केलेलं विसरतं. आणि मॅच बघणारा पोरगा आज ना उद्या सट्टा खेळतो.

मी मौलाना नाही, उर्दू शाळेत मराठी शिकवतो. पण हे वाचून एका पोरानं टीव्हीकडे पाठ फिरवली आणि ते पोरगं माझं आहे, म्हणून लिहितोय.

'सरसकट मनाई' हा दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे चार त्याच्या जोरावर उभे आहेत. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम, या प्रमाण मानल्या गेलेल्या दोन्ही संग्रहांमध्ये असलेली हदीस (प्रेषितांच्या वागण्या-बोलण्याची नोंद) आहे. ईदचा दिवस होता. हबशी (अबिसिनियाचे) लोक मशिदीत ढाली आणि भाले घेऊन खेळत होते. प्रेषितांनी (स.) पत्नी हजरत आयेशांना आपल्या मागे उभं केलं, गालाला गाल लागलेला, आणि खेळणाऱ्यांना 'चालू द्या' म्हणत राहिले. आयेशांचं मन भरेपर्यंत ते तसेच उभे होते. मग विचारलं, "झालं समाधान?" त्या हो म्हणाल्या, तेव्हा हलले. प्रेषितांचे साथी अबू हुरैरांच्या रिवायतीत (कथनात) तर हजरत उमर येऊन त्या खेळणाऱ्यांना खडे मारतात आणि प्रेषित म्हणतात, "उमर, राहू दे त्यांना." खडे मारणारे तेव्हाही होते आणि त्यांना काय सांगितलं गेलं हेही नोंदलेलं आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की ती लढाईची तालीम होती, करमणूक नव्हे. असेल. भाला चालवणाऱ्यांची तालीम असेल. पण आयेशा कुठे भाला चालवत होत्या? त्या बघत होत्या. आणि त्या स्वतःच पुढे म्हणतात, कोवळ्या वयाच्या, खेळाची हौस असलेल्या मुलीला किती वेळ बघावंसं वाटत असेल याचा तुम्हीच अंदाज करा. म्हणजे हौस होती, ती ओळखली गेली आणि मन भरेपर्यंत कुणीतरी सोबत उभं राहिलं. खेळात काय आहे, नमाज चुकते का, पैसे लागतात का, हे जरूर बघा. 'सरसकट' हा शब्द मात्र या हदीसपुढे टिकत नाही.

'बघणारा गमावतो' असं लिहिणाऱ्यानं कधी कुस्तीचं मैदान पाहिलं नसावं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात गावोगावच्या जत्रांत कुस्त्या होतात. तिथे कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांना आपण बघे म्हणत नाही, शौकीन म्हणतो. हात कुठे गेला, पट निघणार की ढाक लागणार, हे त्यांना पैलवानाच्या आधी कळतं. ती नजर आयुष्यभर बघूनच आलेली असते. हरलेल्या पैलवानालाही ते फेटा उडवून दाद देतात. आपल्या मालकीचं काहीही नसताना दुसऱ्याच्या कसबानं खूश होणं ही मला लहान गोष्ट वाटत नाही. पायथागोरसच्या नावावर एक जुनी गोष्ट आहे, सिसेरोनं लिहून ठेवलेली. ऑलिम्पियाच्या मेळ्यात कुणी मान मिळवायला येतात, कुणी माल विकायला, आणि काही जण फक्त नीट बघायला; तत्त्वज्ञ हा त्या तिसऱ्यांसारखा असतो, असं तो म्हणाला.

२०२४ च्या जानेवारीत सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. पहिला दिवस शुक्रवारचा, म्हणून भाच्याला घेऊन गेलो होतो. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. षटकार बघायला मिळतील म्हणून आला होता आणि बराच वेळ गप्प बसला. एक गोलंदाज षटकामागून षटक एकाच टप्प्यावर चेंडू टाकत होता. थोड्या वेळानं पोरगा म्हणाला, "मामू, ये बी सबकच याद कर रा ना?" सबक म्हणजे रोजचा पाठ करायचा धडा. दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या मेहनतीची ओळख दुसऱ्याच्या मेहनतीत पटली. यात त्यानं काय गमावलं, मला कुणी सांगावं.

बघणं हे खेळण्याची जागा घेत नाही, हे कबूल. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर घाम निघेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाच्याच्या मदरशात असर ते मगरिब, म्हणजे दुपारनंतरच्या आणि सूर्यास्ताच्या नमाजांच्या मधे, अंगणात क्रिकेट चालतं आणि त्याचे उस्ताद हाफिजसाब खुर्ची टाकून बघत बसतात.

आता तिसरा मुद्दा. बाकी सगळं चुकीचं आहे, पण हे घातक आहे.

हिफ्ज करणाऱ्या मुलाचा दिवस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फज्रच्या (पहाटेच्या नमाजेच्या) आधी उठायचं. नवा सबक तोंडपाठ करून ऐकवायचा, मग सबक पारा (अलीकडे पाठ केलेला भाग), मग जुन्याचं आमुख्ता (उजळणी). ६,२०० हून जास्त आयती (वचनं), जेर-जबरची (स्वरचिन्हांची) चूक न करता. हे काम पोरं करतात, आनंदानं करतात, मला त्यांचा अभिमान आहे. पण अकरा-बारा वर्षांचं, घरापासून लांब राहणारं लेकरू या कामात थकतच नाही, असं म्हणणं म्हणजे त्याच्या मेहनतीला मेहनत न मानणं.

गेल्या पावसाळ्यात एक मॅच बघताना, ड्रिंक्स सुरू असताना, भाचा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मामू, रात को नींद नै आती. सबक अटक गया तो पेट में दुखता." महिनाभर हे चालू होतं. आपाला माहीत नव्हतं, उस्तादांना माहीत नव्हतं. समोर बसवून 'काय होतंय सांग' म्हटलं असतं तर 'कुछ नै' म्हणाला असता. दोघांचे डोळे मॅचवर होते, तोंडाकडे बघून बोलायचं नव्हतं, म्हणून ते निघालं. मी हाफिजसाबना जाऊन सांगितलं. त्यांनी दोन आठवडे सबक निम्मा केला. पोट दुखायचं थांबलं. त्यांनी त्याचं ईमान तपासलं नाही.

आणि ईमानाचीच गोष्ट काढायची तर कुरआनातली सूरह यूसुफ (यूसुफ नावाचं प्रकरण) उघडा. मुलगा यूसुफच्या विरहात हजरत याकूबांचे डोळे दुःखानं पांढरे झाले, असं तिथे म्हटलंय. तेराव्या पाऱ्यात येतं, माझ्या भाच्याला पाठ आहे. प्रेषित (स.) स्वतः चिंता आणि दुःख यांच्यापासून अल्लाहचा आसरा मागायचे, ती दुआ आपण मुलांकडून पाठ करून घेतो. मग त्याच मुलाला दुःख झालं तर तू कच्चा, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

'अजून पाठांतर' या इलाजाचं उत्तर इस्लामी विद्वान इमाम गझालींनी नऊशेहून जास्त वर्षांपूर्वी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये देऊन ठेवलंय. मकतबातून (शाळेतून) आल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्या, शिकण्याचा शीण निघू द्या. खेळापासून रोखून सतत शिकण्याचाच जाच केला तर मुलाचं काळीज मरतं, बुद्धी मंदावते, जगणं नकोसं होतं आणि तो यातून सुटायच्या वाटा शोधू लागतो. हा मजकूर खेळण्याबद्दल आहे, बघण्याबद्दल नाही, हे मला कळतं. पण मेसेजमधला इलाज हाच तो जाच आहे.

ज्या घरात मूल खरंच गप्प झालंय, जेवत नाही, झोपत नाही, त्यांनी सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. दुआही करा, फोनही करा.

विसरण्याबद्दल एवढंच मान्य करतो. आयपीएलची रात्रीची मॅच साडेसातला सुरू होऊन साडेअकराला संपते, मध्ये इशा (रात्रीची नमाज) येते, आणि फज्रला उठायचं असतं. अशा जागरणानं सबक कच्चा राहतोच. पण तो अपुऱ्या झोपेनं राहतो. रात्रीची मॅच नको, हा नियम आमच्याकडेही आहे.

सट्ट्याचं मात्र नाइलाजानं अर्धं खरं आहे. मॅचच्या मधल्या जाहिरातींनी आमच्या गल्लीतली मिसरूड न फुटलेली पोरं पैसे लावायला शिकली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो त्याआधी पाच वर्षं व्हायला हवा होता. पण माझा भाचा सट्ट्याकडे जाणार असेल तर तो एकटा, मोबाइल घेऊन, जिन्यात बसून जाईल. मामूच्या शेजारी बसून नाही.

आपा, येत्या शुक्रवारी त्याला पाठव. जुमा (शुक्रवारची नमाज) झाल्यावर जेवू आणि दुपारची मॅच बघू. तूही ये.