राखाडी पाठीवरून निकाल देणाऱ्यांना

मी वाळवंटी चंडोल म्हणून टाकलेल्या फोटोवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. "वाळवंटातला पक्षी वाळूच्याच रंगाचा असतो. तुमचा राखाडी आहे, म्हणजे तो साधा तांबूस शेपटीचा चंडोल. गोव्यात बसून आम्हाला वाळवंट शिकवू नका." शेवटच्या वाक्याची काय गरज होती, बाब? सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, मलबारी चंडोल आम्ही लहानपणापासून बघतो. पक्षी ओळखायला रहिवासी दाखला लागत नाही.

फोटोत शेपटी अर्धी झाकली आहे, एवढं मान्य.

आता तुमचा रंग. वाळवंटी चंडोलाच्या वीसेक उपजाती मानतात आणि त्यांच्या पाठीचा रंग जमिनीप्रमाणे बदलतो. जॉर्डन-सीरियाच्या काळ्या बेसाल्ट खडकावर तो चक्क काळपट असतो, फिकट वाळूवर पिवळसर. राजस्थान-गुजरातकडचा मुळातच राखाडी-तपकिरी. शिवाय हा पक्षी सपाट वाळूत कमीच रमतो. त्याला खडकाळ उतार आणि दगडगोट्यांच्या टेकड्या हव्यात. तेव्हा ज्या राखाडी रंगावर तुम्ही निकाल दिलात, तो माझ्याच बाजूने बोलतो.

बघायचं असतं पोट आणि शेपटी. तांबूस शेपटीच्या चंडोलाचं पोट चांगलंच तांबूस, शेपटी तांबडी आणि टोकाला ठसठशीत काळा पट्टा. वाळवंटी चंडोलाचं पोट फिकट, छातीवर पुसट रेघा. शेपटीच्या बुडाशी तांबूस छटा, पुढे तपकिरी रंग हळूहळू गडद होतो. कापल्यासारखी कड कुठेच नाही. पक्षी बसला की मिटलेले पंख शेपटीच्या बुडावर येतात आणि नेमकी ही खूण झाकली जाते. म्हणून तो उतरताना शेपटी पसरतो, तेव्हाच फोटो घ्यायचा, ऊन आपल्या पाठीशी ठेवून. तांबड्या जमिनीवर भर उन्हात फिकट पोटावरही खालून तांबूस झाक येते. सकाळच्या फोटोत ती भानगड कमी. माझा फोटो सकाळचा आहे, पोट स्वच्छ फिकट दिसतं. त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही!

आणि वाळवंटी चंडोलाच्या घरट्यापुढचे खडे, तुमच्या मते, "वाऱ्याने जमले" म्हणे. वारा असे निवडक खडे उघड्या बाजूलाच रचत नाही. ते पक्षीच आणतो. यावर जास्त लिहीत नाही.

पोट आणि पसरलेली शेपटी दिसेल असा तुमचा फोटो असेल तर जरूर टाका, बोलू. टोमणा तेवढा घरी ठेवा.